देवांच्या मागचं आभाळ

ती चिठ्ठी माझ्या हातची होती. हे एवढं वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांनी समोर उभं करून विचारलं त्या हेडमास्तरांना नाही, आणि ज्यांनी ती चिठ्ठी स्वतःच्या अंगावर घेतली त्यांना तर नाहीच. त्यांना ठाऊकच होतं, मग सांगायचं कशाला, अशी मी माझी समजूत घालत आलो. आता सत्तेचाळिशी उलटली आहे आणि समजूत घालण्याचा कंटाळा आला आहे. तेव्हा लिहूनच टाकतो. पण चिठ्ठीचं नीट कळायचं तर आधी त्यांच्याविषयी सांगायला हवं, आणि ते कुठून सुरू करावं हेच मला कळत नाही. त्यांच्या चित्रांचंही तसंच होतं. वरची बाजू कुठली हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

ते कर्जतला तसबिरी मढवायचे. बाजारपेठ संपून रस्ता दहिवलीच्या पुलाकडे उतरतो, तिथे एका शेठजींच्या किराणा दुकानाला लागून पडवी होती. तिच्यात त्यांचं दुकान. समोर एक बाक, मागे काचा उभ्या करून ठेवलेल्या, कोपऱ्यात स्टोव्हवर मैद्याची खळ शिजत असायची. कसर लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालायचे, त्यामुळे त्यांच्या बोटांची टोकं कायम निळसर. लोक त्यांना तसबीरवाले म्हणायचे, मीही तसंच म्हणायचो. वय असेल पन्नाशीच्या आतबाहेर. मूळचे कोंडाण्याच्या बाजूचे, बौद्धवाड्यातले. मी चोवीस वर्षांचा, मुंबईच्या कलाशाळेतून नुकताच बाहेर पडलेला, कर्जतच्या एका हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर म्हणून चिकटलेला. साठ साल उलटून गेलं होतं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक खिडकी असे. खिडकी म्हणजे पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा, मधोमध काड्यापेटीएवढं चौकोनी भोक. बोलता बोलता ते ती काढत, डोळ्यासमोर धरत आणि भोकातून बघत. म्हशीकडे बघत, पुलावरून जाणाऱ्या बैलगाडीकडे बघत, वादळानं उडालेल्या पत्र्याकडे बघत. समोरचा माणूस काही महत्त्वाचं सांगत असला तरी बघत. मग ती खिडकी त्याच्या हातात देत, "घ्या, बघा. पुरं बघाल तर काय बी दिसायचं नाय."

त्यांची बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि घटकाभर बाकावर बसायची. तोंडानं मोठी तिखट बाई. मला म्हणाली होती, "मास्तर, मला बघाय आले तवा बी ह्यांनी ह्या भोकातनंच बघितलं. माझा भाव मला आत येऊन इचारतोय, अगं, पोराचा एक डोळा जायबंदी हाय का?"

"मग काय दिसलं होतं?" मी त्यांना विचारलं.

"कानातली कुडी," ते काच पुसत म्हणाले. "एकच दिसली. दुसरी बघाय मिळावी म्हनून व्हय म्हनालो."

"ऐका!" बाई म्हणाली, पण कानाशी हात गेलाच तिचा.

गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की ते आधी भिंतीची चौकशी करायचे. कुठली भिंत? खिडकी कुठल्या अंगाला? समोर कोण बसतं? एकदा नवं लग्न झालेला एक जण वैतागला. "अवो, फोटो मढवायचाय, सोयरीक नाय जमवायची!"

"तसं नाय रं. समोर कोन बसतं त्यावर काच ठरते. बायको बसत असंल तर पातळ घालतो. सासू बसत असंल तर जाड."

"जाडच घाला," तो म्हणाला.

हे सगळं मी आता हसत लिहितो आहे. पण पहिले सात-आठ महिने मी त्या बाकावर बसून त्यांच्याकडचा चहा घेतला नव्हता, हेही लिहायला हवं. "आत्ताच झाला," म्हणायचो. ते आग्रह करत नसत. मग एके दिवशी म्हणाले, "मास्तर, आज हाटेलातनं मागवलाय. कप बी हाटेलचाच हाय." मी तो प्यालो. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता पेटीविषयी.

धर्मांतर झालं त्या साली, आणि पुढची दोन-चार वर्षं, कर्जत-खालापूरकडच्या बौद्धवाड्यांतून लोक घरातल्या तसबिरी घेऊन त्यांच्याकडे यायचे. लाकडी फ्रेम चांगली असायची, बापजाद्यांनी हौसेनं केलेली. "फ्रेम तीच ऱ्हाऊ दे, आतलं बदला," असं सांगायचे. मग आत बुद्धाचं चित्र जायचं, नाहीतर निळ्या कोटातला फोटो. बाहेर निघालेल्या देवाचं काय करायचं, हे कुणी म्हणायचं नदीत सोडा, कुणी म्हणायचं तुमीच बघा. एखादी म्हातारी नुसती उंबऱ्याशी उभी राहायची. त्यांनी एकही चित्र नदीत सोडलं नाही. पत्र्याची एक मोठी पेटी होती, तिच्यात ठेवून दिली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं गाव आणि घर लिहिलेलं.

आणि मग त्यांनी त्या चित्रांतलं आभाळ कापून घ्यायला सुरुवात केली.

देवाला ते पातं लागू देत नसत. मुकुटाच्या कडेकडेनं, खांद्यावरून, धनुष्याच्या बाकाबाकानं पातं फिरवत आणि मागचं तेवढं उचलून घेत. ढग, पहाट, यमुनेचं हिरवं पाणी, शंकराच्या पाठीमागचा बर्फ. देव पेटीत परत जायचे, घोंगडी बाहेर ठेवून आत आलेल्या माणसांसारखे. मी एकदा विचारलं, "पण का?"

"द्येव ज्याचे त्याचे," ते म्हणाले. "आभाळ कुनाचं?"

ती आभाळं खळीनं एकमेकांशेजारी चिकटवून ते चित्रं करत. मी त्यांना सांगितलं, याला कोलाज म्हणतात, परदेशात मोठमोठे चित्रकार करतात. ते म्हणाले, "कोलाड ठावं हाय, रोह्याच्या वाटंवरचं. ह्ये आमचं आपलं जोडकाम."

जोडकाम झालं की ते बाकासमोर टेकवून ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारत. "काय दिसलं?" उत्तर येईल ते चित्र उलटं करून पाठीच्या खाकी कागदावर उतरवायचं. शब्द बदलायचा नाही, वाद घालायचा नाही. हा त्यांचा नेम. मी ती पाठ वाचत बसायचो. "आंबिवलीची दूधवाली: पानी. पल्याड कुनीतरी हाक मारतंय." "घाटातल्या इंजिनावरचा माणूस: बोगद्यातून बाहेर निघताना पहिला उजेड, तो." "हवालदार: काही नाही दिसत. पण बसावंसं वाटतं." "ठाकरवाडीची म्हातारी: माझी शेळी." त्या शेळीवरून बायकोनं त्यांना फार छळलं. "कुठं हाय शेळी? दावा!" ते शांतपणे म्हणाले, "तिला दिसली ना? मग हाय."

मलाही विचारायचे. मी म्हणायचो, उबदार रंगांचा आणि थंड रंगांचा समतोल चांगला साधलाय. किंवा म्हणायचो, नजर डावीकडून उजवीकडे फिरते. ते पेन्सिल खाली ठेवत. "मास्तर, ह्ये तुमी बघितलं नाय. ह्ये तुमाला आधीपासनं ठावं होतं." मग पाठीवर "मास्तर" एवढं लिहून पुढची जागा कोरी सोडत. "सवडीनं सांगा. घाई नाय."

एका रविवारी ते मला कोंडाण्याच्या लेण्यांवर घेऊन गेले. पावसाळा नुकताच सरला होता आणि लेण्याच्या तोंडावरून पाण्याच्या सुट्या धारा पडत होत्या, त्यांच्या पलीकडे सगळं रान हलत असल्यासारखं. आत खांब खालून गळून गेलेले, वरचे तुकडे छताला लोंबणारे. एका बाजूला दगडात कोरलेला मोठा चेहरा आहे, बराचसा झिजून, फुटून गेलेला. मी लगेच काळ सांगायला लागलो, शैली सांगायला लागलो. ते ऐकत नव्हते. त्यांनी खिडकी काढून चेहऱ्याच्या नाहीशा झालेल्या भागावर धरली आणि तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, उरल्याला अर्धा दगडात हाय, तो दिसतो, ठीक हाय. पन दुसरा अर्धा बी दिसतोय मला. तो कुठनं दिसतोय?"

मी म्हणालो, ही मनाची सवय असते, अपुरी आकृती मन पुरी करतं.

"आसंल," ते म्हणाले, आणि खाली दगडावर बसले. तासभर आम्ही बसलो असू. पाण्याचा आवाज इतका एकसारखा होता की मधूनमधून तो बंद पडल्यासारखा वाटायचा. मी आयुष्यात बऱ्याच नामांकित चित्रांसमोर उभा राहिलो आहे, पण बघणं म्हणजे काय असेल असं जेव्हा मनात येतं, तेव्हा मला त्या फुटक्या चेहऱ्यापुढे बसलेली त्यांची पाठच आठवते.

बाजाराच्या दिवशी कधीकधी एक म्हातारी यायची. खालापूरच्या बाजूच्या कुठल्याशा वाडीतली. ती आली की ते दुकानाच्या दोन फळ्या लावून घ्यायचे आणि पेटी उघडायचे. पहिल्यांदा मी उठायला लागलो तर म्हणाले, "बसा. तुमी आमचेच." म्हातारीनं पेटीतून एक देवीचं चित्र उचललं. मागचं आभाळ गेलेलं, नुसती देवी. ते मांडीवर घेऊन तिच्या कपाळावरून बोट फिरवत ती म्हणाली, "मला समदं पटलंय रं बाबा. पोरानं केलं ते चांगलंच केलं. पन चाळीस वर्सं हिच्याशी बोललेय मी. तोंड तरी बघू दे."

"बघ की गं आये."

"पोराला कळाय नगं हां. त्याला वाटंल, आईचं मन अजून तिकडंच हाय."

"मरंस्तवर कळायचं नाय. ह्या पेटीतलं कुनाचंच कुनाला कळायचं नाय."

अशा तीन-चार जणी होत्या. प्रत्येकीला त्यांनी हाच शब्द दिला होता. त्या पेटीतल्या एकाही देवाला पातं लागलेलं नाही, हे त्या म्हाताऱ्या सोडल्या तर जगात तीन माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी, त्यांच्या बायकोनं, आणि मी.

तीन वर्षं खपून त्यांनी एक मोठं जोडकाम केलं. चांगलं तीन हात रुंद. लांबून बघितलं तर एकच आभाळ, पण सगळ्या वेळांचं एकदम, एका टोकाला पहाट आणि दुसऱ्या टोकाला तिन्हीसांज. जवळ गेलं की तुकड्यांच्या कडा दिसू लागायच्या, आणि प्रत्येक कडेला कसला ना कसला बाक असायचा. मुकुटाचा, खांद्याचा, उचललेल्या हाताचा. कोणी उभं होतं आणि आता नाही, अशा जागा सगळीकडे. तुम्ही त्या आभाळात एकटे नाही असं वाटायचं. त्यांनी विचारलं, "काय दिसलं, मास्तर?" मला दिसलं होतं. पहिल्याच क्षणी, स्पष्ट. मी म्हणालो, "रचना फार धाडसी आहे."

त्यांनी "मास्तर" लिहिलं आणि पुढे जागा सोडली.

डिसेंबरच्या शेवटी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. चित्रप्रदर्शन माझ्याकडे. मुलांचे आंबे, कुंड्या, झेंडावंदन यांच्यामध्ये हे चित्र लावायचं असं मी ठरवलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी नव्हे. बाहेरचे पाहुणे येणार होते. कर्जतसारख्या गावात कोलाज शोधून काढणारा मास्तर, असं कुणीतरी म्हणावं, एवढंच होतं. ते तयार नव्हते. "दुकानात येतो तो बघतो, तेवढं पुरे," म्हणाले. मी फार मागे लागलो तेव्हा स्वतः डोक्यावर घेऊन आले आणि लावून गेले.

सकाळी प्रदर्शन उघडलं. चित्राखाली काहीच लिहिलेलं नव्हतं. पालक यायचे, आंबे बघायचे, कुंड्या बघायचे आणि त्या चित्रापाशी आले की चालायचे थांबायचे. एक बाई म्हणाली, "आमच्या माळावरनं सकाळचं असंच दिसतं." एक शेतकरी तर समोर उकिडवा बसला आणि त्याची बायको "अवो, उठा की!" म्हणत राहिली. दोन तास असे गेले. मला आजही वाटतं, कर्जतमध्ये इतक्या माणसांनी इतका वेळ एखाद्या चित्राकडे बघितल्याचे तेच दोन तास.

मग जेवणवेळी खोली रिकामी झाली तेव्हा मी चिठ्ठी लावली.

आम्हाला शिकवलेलं असतं ना, चित्राखाली नाव हवं, माध्यम हवं. पाहुणे दुपारी यायचे होते. बाकीच्या चिठ्ठ्या नववीच्या मुलांनी लिहिल्या होत्या. ही एकच मी लिहिली, छापल्यासारखी अक्षरं काढून, कारण माझं अक्षरलेखन चांगलं आहे असा माझा समज होता. "कोलाज. माध्यम: देवदेवतांच्या जुन्या तसबिरींची कात्रणे."

लिहिताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कलाशाळेतल्या माणसाला दिसलं नसतं.

कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. मग दुसऱ्यानं वाचलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते चित्र बदललं. कागद तोच, पण लोकांना वेगळं दिसायला लागलं. "हा बघ, हा हात कापलाय!" "कुठं?" "ह्यो काय, बोटं दिसतात." ढग होता तो. "आणि ह्यो मुकुट, अर्धा तोडलाय." मुकुट नव्हता, मुकुटाच्या बाहेरची पहाट होती. सकाळी उकिडवा बसलेला शेतकरी परत आला होता, तोही मान डोलावून म्हणाला, "तरीच. मला सकाळीच कसंतरी झालं होतं." गर्दी वाढली. "कुणाचं काम हे?" "तो पडवीतला. बौद्धवाड्यातला." मग आवाज खाली गेले, आणि ते खाली गेलेले आवाज वाईट होते.

मी चिठ्ठी काढली नाही. शिपायानं काढून हेडमास्तरांकडे नेली.

खोलीत हेडमास्तर होते. शेठजी होते, पडवीचे मालक, शाळेच्या मंडळावरचेही. मला आधी बोलावलं. चिठ्ठी टेबलावर होती. हेडमास्तरांनी विचारलं, "मास्तर, ही कुणी लावली? तुम्हाला काही कल्पना?"

मार्चमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती.

"नाही, सर," मी म्हणालो. "चित्र आलं तसं लावलं."

मग त्यांना बोलावून आणलं. ते दाराशीच उभे राहिले. शेठजींनी विचारलं, "काय रे, देव कापलेस?"

"नाय शेट. द्येवाला हात लावला नाय."

"मग ह्या चिठ्ठीत लिहिलंय ते खोटं?"

ते पुढे आले. चिठ्ठीकडे बघितलं, मग खिशातून खिडकी काढून त्या अक्षरांवर ठेवली. सवयच ती. शेठजींना वाटलं, थट्टा करतोय. मला मात्र कळलं, ते अक्षराचं वळण बघताहेत. दुकानाच्या पाटीचा नमुना मीच त्यांना काढून दिला होता, याच वळणाचा. त्यांनी खिडकी उचलून खिशात ठेवली.

"चिठ्ठी माझीच," ते म्हणाले. "लिवण्यात चूक झाली. द्येवांच्या मागल्या आभाळाची कात्रनं, असं लिवायला पायजे होतं."

"मग देव कुठे आहेत? दाखव."

"ते दावता यायचं नाय."

"का?"

"शब्द दिल्याला हाय."

"कुणाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, विनवणी नव्हती. पेटी उघडायची गरजच नव्हती. एका माणसानं 'मी पाहिलंय, देव सगळे शाबूत आहेत,' एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं, आणि माझ्या शब्दाला त्या खोलीत वजन होतं. माझी जात, माझं शिक्षण, माझा पांढरा शर्ट, सगळ्याचं मिळून होतं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होतो. कुलाबा जिल्ह्याचा नकाशा. त्यात उल्हास नदी निळ्या रेघेनं काढलेली होती, ती मी उगमापासून खाली वाचत गेलो.

शेठजींनी निकाल दिला. चित्र नदीत सोडायचं, आजच, म्हणजे लोक शांत होतील. आणि महिनाअखेर पडवी मोकळी करायची. हेडमास्तर मला म्हणाले, "तुम्ही सोबत जा. झालं की येऊन सांगा."

दहिवलीच्या पुलाच्या वरच्या अंगाला एक संथ डोह आहे. ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी चित्र दगडावर पालथं ठेवलं, खिळे काढले, काच वेगळी करून दगडाला टेकवली. पाठीचा खाकी कागद ओलसर बोटांनी कडेकडेनं सोडवून अखंड काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. "ह्यो तुमी ठेवा. त्यात तुमची जागा मोकळी हाय."

मग त्यांनी चित्र सरळ केलं, गुडघाभर पाण्यात शिरले आणि ते पाण्यावर धरून मान वळवली.

"आता तरी सांगा, मास्तर. ऱ्हायलंय तोवर. काय दिसलं?"

मी म्हणालो, "उशीर होतोय. उरका."

त्यांनी हात खाली नेले. मैद्याची खळ, पाणी लागल्यावर फार वेळ धरत नाही. आधी पहाट सुटली, मग ढग, मग यमुनेचं हिरवं. एकेक तुकडा मोकळा होऊन डोहावर पसरत गेला, आणि डोहात वरचं खरं आभाळ होतंच, त्यामुळे थोड्या वेळानं कुठलं कागदाचं आणि कुठलं पाण्यातलं ते कळेना. ते कमरेवर हात ठेवून बघत उभे होते. घाई नव्हती त्यांना. एक नारिंगी तुकडा त्यांच्या पायाशी घोटाळत राहिला, तो त्यांनी बोटानं प्रवाहाकडे लोटला. "ब्येस दिसतंय," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे.

मी शाळेत जाऊन सांगितलं, झालं. मार्चमध्ये कायम झालो.

ते कर्जत सोडून गेले. रसायनीला तेव्हा कारखाने उभे राहत होते, तिकडे गेले एवढं कानावर आलं. मी शोध घेतला नाही. मधे वीस वर्षं गेली. गेल्या साली एक जुना विद्यार्थी भेटला, तो सहज म्हणाला, "सर, ते तसबीरवाले आमच्याच कारखान्यात होते. पिंपांवर नंबर घालायचे." होते, म्हणाला. मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी रसायनीजवळ मोहोपाड्याला त्यांचं घर शोधत गेलो.

बाईनं ओळखलं. डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "मास्तर ना? पिकलात की." मग आत जाऊन पाणी आणलं. चहा टाकला. मी तो घेतला. सांगत होती, तीन वर्षं झाली जाऊन, छातीनं गेले. "ती खिडकी त्यांच्या खिशातच ठेवली. जळताना बी बघत बसले आसतील," म्हणाली आणि हसली, आणि मग डोळे पुसले.

मी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "मधनंमधनं इचारायचे, मास्तरांचं काय पत्र आलं का."

"काय पत्र?"

"मला काय ठावं? म्हनायचे, त्यांचं एक सांगायचं ऱ्हायलंय, सवड झाली का लिवतील."

कोपऱ्यात ती पेटी होती. बाईनं आपणहून उघडली. "ह्ये बघा काय करून ठिवलंय म्हाताऱ्यानं." वरचं चित्र तिनं माझ्या हातात दिलं. तीच देवी, म्हातारीची. पण मागे आभाळ होतं. कारखान्यातल्या रिकाम्या पोत्यांचा निळा कागद, पिंपांवरच्या वेष्टनांचा पिवळा, मुकुटाच्या कडेला कड भिडवून चिकटवलेला, सांधा दिसणार नाही असा. दुसरं चित्र, तिसरं. सगळ्यांना आभाळ परत मिळालं होतं. म्हातारी गेली होती, बाकीच्याही गेल्या होत्या, न्यायला कुणी उरलं नव्हतं, तरी एकूण एक पुरं केलेलं.

"मी म्हनलं, आता कशाला डोळे फोडता?" बाई म्हणाली. "तर म्हनतात कसे, घेतल्यालं ठेवून जायचं नाय."

मी त्या दिवशीही तिला चिठ्ठीचं सांगितलं नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि एसटी गाठली.

तो खाकी कागद माझ्याजवळ आहे. घड्यांवर विरला आहे, पण पेन्सिलीची अक्षरं वाचता येतात. दूधवाली आहे, हवालदार आहे, शेळीवाल्या म्हातारीनं या चित्रातही शेळीच बघितली आहे. आणि तळाशी "मास्तर", पुढे बोटभर कोरी जागा.

मला काय दिसलं होतं ते सांगतो. मी सहा वर्षांचा असताना माझी आई गेली. वर्षभरात सावत्र आई आली आणि तिला वाईट वाटू नये म्हणून वडिलांनी आईचा फोटो भिंतीवरून उतरवला. भिंत धुरानं काळवंडलेली होती, फोटोच्या जागी एक उजळ चौकोन उरला. मी अंथरुणावर पडून त्या चौकोनाकडे बघायचो. फोटोत आई कधी माझ्याकडे बघत नव्हती, फोटोग्राफरकडे बघत होती. त्या रिकाम्या चौकोनात ती माझ्याकडे बघायची. त्यांच्या चित्रात मला तो चौकोन दिसला. एक नाही, शेकडो. एवढंच सांगायचं होतं, आणि तसबिरी उतरवण्यात आणि लावण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना ते लगेच कळलं असतं. पण कलाशाळेतून शिकून आलेल्या मास्तरानं असं कसं सांगायचं, या लाजेत मी राहिलो.

त्या कोऱ्या जागेत हे मी आता लिहू शकत नाही. सांगायचं बघणाऱ्यानं आणि लिहायचं त्यांनी, असा तिथला नेम होता.

हेडमास्तरांच्या खोलीत एक वाक्य आणि नदीवर एक वाक्य, अशी दोन वाक्यं मी त्यांचं देणं लागतो.